साडीच्या पडद्याआडची पंच

अशी कल्पना करा, की सकाळचा चहा अजून कपात आहे आणि दारात पोलीस पाटलाची मोटारसायकल येऊन थांबते. तो म्हणतो, चला, एक बाई गेली आहे, बघायला बाईमाणूस पाहिजे. तुम्ही डॉक्टर नाही, नर्स नाही, पोलीस नाही. तुम्ही एवढंच करायचं, की दोन साड्या बांधून केलेल्या आडोशामागं जायचं, मेलेल्या बाईच्या अंगावरचं लुगडं बाजूला करायचं आणि डोक्यापासून पायापर्यंत जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचं. हवालदार पडद्याबाहेर पाठ करून उभा. तो विचारणार, "गळा?" तुम्ही सांगणार. "पाठ?" तुम्ही तिला कुशीवर वळवणार आणि सांगणार. तुम्ही बोलाल ते तो लिहिणार, न बोललेलं राहून जाणार. आणि हे चालू असताना त्या बाईच्या घरातले पुरुष हवालदाराच्या शेजारी, हाताची घडी घालून, एकेक शब्द ऐकत असणार.

तुम्ही गेला असता?

आटपाडीच्या पूर्वेकडच्या गावांत बहुतेक बायका जात नाहीत. पंच म्हणून सही केली, की कधीतरी कोर्टाचं बोलावणं येतं, आणि त्याच्या आधी गावातल्या माणसांचं येतं. बनुबाई मात्र जायच्या. नवरा लवकर गेलेला, दीर वेगळे राहिलेले. अडवणारं कुणी नव्हतं आणि त्यांना सही करता येत होती. पहिल्यांदा त्या गेल्या ते दुसरी कुणी बाई घराबाहेर यायला तयार होईना म्हणून. पुढं पोलीस पाटलांना सवयच झाली. आसपासच्या गावांत बाईमाणूस दगावलं, की निरोप बनुबाईंकडं.

एरवी त्या डाळिंबाच्या बागांत बायकांची टोळी घेऊन जातात. माझी आई बरीच वर्षं त्या टोळीत होती, म्हणून मी त्यांना मावशी म्हणते. दुपारी बांधावर भाकऱ्या सोडल्या, की बायका त्यांना हटकून विचारायच्या.

"मावशी, मढ्याजवळ बसायला भ्या न्हाई वाटत?"

"मेलेल्या बाईचं कसलं भ्या? ती बिचारी गप पडल्याली असती," बनुबाई म्हणायच्या. "भ्या पडद्याच्या भाईर उभं असतंय. त्याला मिशा असत्यात."

बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही हसले आहे. त्या गोष्टीनंतर मात्र बनुबाईंनी हा विनोद केल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

त्यांना एकच लेक, दीपमाला. तिला दिली होती शेजारच्या गावात, हंबीररावांच्या घरी. हंबीरराव सैन्यातून सुभेदार होऊन आलेले, मोठी बाग, गावात शब्दाला वजन. त्यांच्या घरात "नाही" हा शब्द फक्त तेच वापरायचे. धाकटा वीरधवल दीपमालाचा नवरा. तो कुपवाडला कारखान्यात असतो, सुट्टीला गाडीवर घरी येतो. थोरला जयराज तमिळनाडूत गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं दुकान चालवतो. आमच्या भागातली निम्मी पोरं त्याच धंद्यात बाहेर आहेत. त्यांच्या बायका इकडं सासू-सासऱ्यांपाशी राहतात आणि नवरे सणाला येतात.

जयराजची बायको प्रियदर्शनी, मेढ्याकडची. डोंगरातल्या पोरीला आमचा कोरडा मुलूख कधी मानवला नाही. "आमच्याकडं पाणी डोंगरावरनं आपण होऊन येतं," ती दीपमालाला म्हणायची, "तुमच्याकडं त्याला खाली जाऊन बोलवावं लागतं." दोघी जावा एकमेकींना धरून होत्या. मागच्या वर्षी पंचमीला दीपमाला माहेरी आली, तेव्हा कासाराच्या पुढ्यात बसून बनुबाईंनी तिला हिरव्या बांगड्या भरल्या. बारीक सोनेरी रेघेच्या. तेव्हा दीपमाला म्हणाली होती, "थोरल्या बाई गौरी झाल्यावर भावजींबरूबर तिकडं दुकानाच्या गावाला जायचं म्हणत्यात. भावजी न्हाई म्हणत्यात. घरात लय बोलाचाली चालल्यात, आये."

"तू मधी पडू नगंस," बनुबाई म्हणाल्या होत्या.

दीपमाला सासरी परतली आणि थोड्याच दिवसांत, गौरी-गणपतीच्या आधी एका सकाळी हंबीररावांच्या गावचे पोलीस पाटील आप्पासो बनुबाईंच्या दारात आले, ते गाडीवरून उतरलेही नाहीत.

"बनुबाई, चला. पंच पायजे."

"कोण गेलं?"

"हंबीररावांची सून. हिरीत."

बनुबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "कंची सून?"

आप्पासोंचा फोन वाजला. ते फोनवर बोलायला लागले, "व्हय, व्हय, आणतो, आलोच." बनुबाई गाडीचं हँडल धरून उभ्या. "आप्पासो, कंची सून? आवं, तोंड उघडा की!" आप्पासोंनी हातानं थांबा म्हणून खूण केली आणि पलीकडच्या माणसाला पुन्हा "व्हय" म्हणाले. त्यांनी फोन खिशात घातला तोवर बनुबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"थोरली वं. मेढ्याची. तुमची न्हाई."

बनुबाई मला सांगत होत्या, की त्यांच्या तोंडून पहिल्यांदा "देवा, तुझे उपकार" असं निघालं. मग त्या गाडीवर बसल्या.

विहीर बागेच्या कडेला होती, दगडांनी बांधून काढलेली, खोल. पोरांनी दोर टाकून प्रेत वर काढलं होतं आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीजवळ ठेवून वर चादर टाकली होती. बाजूच्या शेवग्याच्या झाडांना दोन साड्या बांधून आडोसा केला होता. माणसं बरीच जमली होती. सणासाठी गावी आलेला जयराज जमिनीकडं बघत बसला होता. दीपमाला कुठं दिसली नाही.

"या बनुबाई," हंबीरराव म्हणाले.

लेकीच्या लग्नापासून हंबीररावांनी त्यांना नावानं हाक मारली नव्हती. विहीणबाई, असंच म्हणायचे. आज हवालदारासमोर त्या विहीण नव्हत्या.

हवालदार ठोंबरे नुकतेच बदलून आलेले. त्यांना कोण कुणाचं हे ठाऊक नव्हतं. "ही बाई नेहमीची हाय," हंबीरराव त्यांना सांगत होते. "जाणती हाय. काय बोलायचं तिला समजतं." मग बनुबाईंकडं बघून म्हणाले, "दीपमाला घरात हाय. चहा ठेवतीया सगळ्यांना."

बनुबाईंना तेव्हा कळलं, की आप्पासोंनी त्यांना सवयीनं बोलावलं नव्हतं. हंबीररावांनी मागून घेतलं होतं. जिची लेक आपल्या चुलीपाशी उभी आहे, अशी पंच.

सुटायचा रस्ता होता. नात्यातला माणूस पंच होऊ शकत नाही, हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. "मी यांची विहीण हाय" एवढं म्हटलं असतं तर हवालदारांनी त्यांना परत पाठवलं असतं. पण शेवग्याखाली हंबीररावांच्या भावकीतल्या दोन बायका आधीच उभ्या होत्या, पदर खोचून, तयार. आपण हटलो तर त्यांतलीच एक पडद्यामागं जाणार आणि हंबीररावांना हवं तेवढंच बोलणार, म्हणून बनुबाईंनी नातं सांगितलं नाही.

हवालदारांनी नेहमीचे प्रश्न विचारून घेतले. "लग्नाला किती वर्षं?"

"सातांच्या वर झाली," हंबीरराव म्हणाले. "तहसीलदारांना तरास द्यायचं कारण न्हाई." लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर पंचनाम्याला तहसीलदारांना यावं लागतं, हेसुद्धा त्यांनी बघून ठेवलं होतं.

"वर काढल्यापासून कुणी हात लावलाय?"

"कुणी न्हाई. सगळ्या गावादेखत काढली, तशीच ठेवलीया. आमास्नीबी कायदा कळतो, हवालदार. उरका लवकर. मेढ्याची माणसं यायच्या आत कागदाचं हुंदे, म्हंजे रडारडीत खोळंबा नको."

दुसरी पंच गावातली आशा सेविका होती, क्षमा. लहान वयाची पोरगी. पडद्यामागं गेल्यावर तिनं बनुबाईंचा दंड धरला तो सोडलाच नाही. बनुबाईंनी चादर काढली. प्रियदर्शनीच्या केसांतून अजून पाणी ओघळत होतं.

"डोकं?" बाहेरून आवाज आला.

"मागं खोक हाय."

"पडताना दगुड लागला," हंबीरराव लगेच म्हणाले.

"गळा?"

बनुबाईंनी मान वळवली. कानाखाली बोटं रुतावीत तसे काळेनिळे डाग होते. त्यांनी सांगितलं.

"दोर लावून काढली न्हवं? दोराचं असंल," हंबीरराव. त्यांच्याकडं प्रत्येकाला उत्तर होतं. हवालदार लिहीत होते की नाही, पडद्याआडून कळत नव्हतं.

"हात?"

क्षमानं प्रेताचा हात उचलला. हात ताठला होता, पण बांगड्या किणकिणत कोपराकडं घसरल्या. बनुबाईंना पहिल्यांदा तेच विचित्र वाटलं. बाईच्या हातात कासारानं भरलेली बांगडी अशी घसरत नाही. मापाची बांगडी मनगटावर बसते. या एक माप मोठ्या होत्या. आणि ज्या जागेवरून घसरल्या त्या मनगटावर बारीक बारीक चरे होते, काच रुतल्याचे. एका चऱ्यात काचेचा कण अजून अडकलेला. तो लाल काचेचा होता.

हातातल्या बांगड्या हिरव्या होत्या आणि त्यांच्यातली एकसुद्धा फुटलेली नव्हती. बारीक सोनेरी रेघ. बनुबाईंनी त्या कासारापुढं बसून स्वतः निवडल्या होत्या.

"मावशी," क्षमा कुजबुजली, "काय झालं?"

सगळं एकदम समोर दिसायला लागलं. पोरीच्या लाल बांगड्या फुटल्या त्या विहिरीत नाही, घरात. कुणीतरी तिचे हात दाबून धरले तेव्हा. तशीच नेऊन टाकली असती तर कुणी एक शब्द विचारला नसता. विहिरीत पडलेल्या बाईचे हात रिकामेच असणार, चरेही असणार. पण सवाष्ण बाई. जीव घ्यायला ज्या घराचे हात थरथरले नाहीत, त्या घराला तिला रिकाम्या हातानं उंबऱ्याबाहेर काढणं मात्र जमलं नाही. अपशकुन होतो. म्हणून कुणीतरी तिचे हात भरले. आणि भरले ते दीपमालाच्या हातातल्या काढून.

म्हणजे दीपमाला तिथं होती. तिनं बघितलं होतं.

"बनुबाई, चहा आला," हंबीररावांचा आवाज पडद्याच्या अगदी जवळून आला. "उरकून घ्या आन् चहा घिऊन जावा. सून सोता घिऊन आलीया."

दोन साड्यांच्या मधे बोटभर फट होती. तिच्यातून बनुबाईंना लेक दिसली. हातात किटली. ऊन तापलं होतं तरी दोन्ही हात बोटांपर्यंत पदरात गुंडाळलेले. हवालदारांच्या कपात चहा ओतताना पदर मागं सरकला. मनगटं उघडी पडली. एकही बांगडी नव्हती. दीपमालानं घाईघाईनं पदर ओढला, एकदा पडद्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

तिच्या मागं सासू उभी होती, तिच्या पाठीला हात लावून. लांबून बघणाऱ्याला माया वाटावी असा हात.

"हात सांगा की, बाई," हवालदार म्हणाले. "काही आहे का?"

मी बनुबाईंना विचारलं होतं, त्या वेळी काय मनात आलं? त्या म्हणाल्या, "काय येणार? बोलले तर लेक अडकती. न बोलले तर लेक त्याच घरात राहती. आज थोरलीचं हात भरलं. उद्या हिचं हात भराया घरात तिसरी सून हाय का?" न्याय वगैरे त्यांच्या मनात नव्हतं, असं त्या सरळ सांगतात. फक्त भीती होती. दोन भीतींतली कुठली मोठी एवढंच त्या बघत होत्या. पोलीस ठाण्यात लेकीचे हाल होतील, पण ती जिवंत राहील. त्या घरात संध्याकाळपर्यंत काय होईल, ते समोरच पडलेलं होतं.

"दोन्ही मनगटांवर काच रुतल्याच्या जखमा हायत," बनुबाई मोठ्यानं म्हणाल्या. "जखमंत लाल काच हाय. हातात बांगड्या हिरव्या हायत. एकबी फुटल्याली न्हाई."

बाहेर हवालदार पडद्याजवळ सरकले.

"परत सांगा," हवालदार म्हणाले.

बनुबाईंनी परत सांगितलं, सावकाश.

"वर काढल्यावर बायकांनी घातल्या असतील," हंबीरराव म्हणाले.

"कुणी हात लावला नाही, हे तुम्हीच सांगितलंत, सुभेदार. गावादेखत काढली म्हणालात." हवालदारांचा आवाज पहिल्यांदाच बदलला. "बाई, या बांगड्या कुणाच्या, काही सांगता येईल?"

क्षमानं बनुबाईंचा दंड इतका घट्ट दाबला की तिची नखं रुतली. बनुबाईंनी प्रियदर्शनीवर चादर ओढली, नीट, पायापर्यंत. मग साडी बाजूला करून त्या बाहेर आल्या.

"विहीणबाई," हंबीरराव हळू आवाजात म्हणाले. आता त्यांना नातं आठवलं होतं. "घरात बसू. निवांत बोलू."

"हवालदार," बनुबाई म्हणाल्या, "मला पंच धरू नगा, मी या घरची विहीण हाय. दुसरी बाई आणा आन् परत बघा. पर ती चहा घिऊन उभी हाय ती माजी लेक. बांगड्या तिच्या हायत. आधी तिला तुमच्या जीपमधी बसवा. मग काय लिवायचं ते लिवा."

जयराज उठून उभा राहिला. सासूचा हात दीपमालाच्या पाठीवरून दंडावर आला. हवालदार काय करतील, ते बनुबाईंना ठाऊक नव्हतं. नवा माणूस, आणि समोर सगळं गाव हंबीररावांचं. हवालदारांनी कप खाली ठेवला. क्षणभर त्यांनी हंबीररावांकडं बघितलं, मग जीपच्या चालकाला हाक मारली आणि म्हणाले, "त्या ताईंना पुढच्या सीटवर बसव. दार लावून घे."

दीपमाला किटलीसकट जीपमध्ये बसली. किटली कुणी मागितली नाही.

दुपारी मेढ्याची माणसं आली. दुसऱ्या गावातून नव्या पंच आणल्या, प्रेत मिरजेला नेलं. डॉक्टरांनी लिहून दिलं, की विहिरीत पडण्याआधीच जीव गेला होता. जयराज, हंबीरराव आणि सासू तिघांना अटक झाली. हंबीरराव आणि सासू जामिनावर बाहेर आहेत. वीरधवल त्या दिवशी कुपवाडलाच होता. तो अधूनमधून बनुबाईंच्या गावात येतो, रस्त्याच्या पलीकडं गाडी लावून उभा राहतो आणि न बोलता जातो. तो बायकोला न्यायला येतो की धमकवायला, ते त्याचं त्यालाही कळत नसावं.

दीपमाला आईजवळ आहे. पोलिसांनी तिला साक्षीदार केलं. तिच्या जबाबात आहे, की आतल्या खोलीत भांडण झालं, आपण दाराबाहेर होतो, आणि नंतर सासूबाईंनी आत बोलावून थोरल्या बाईंचे हात भर म्हणून सांगितलं. ती आता टोळीत डाळिंबं तोडायला जाते. हातात धातूच्या दोन बांगड्या घालते, काचेच्या घालत नाही. सांगलीच्या कोर्टात तिची साक्ष व्हायची आहे. तारीख जवळ आली, की घरावरून मोटारसायकली सावकाश जायला लागतात. बनुबाई दिवसासुद्धा आतून कडी लावतात. बागेत निघताना लेकीला मधे घालून चालतात, पुढं एक बाई, मागं त्या स्वतः. त्यांच्या टोळीतून चार बायका कमी झाल्या. हंबीररावांच्या बागेचं काम तर गेलंच.

पोलीस पाटलांचा निरोप आता येत नाही. आला तर जाणार का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "इचारलंच न्हाई कुणी. मग कशाला सांगू?"

पण एक गोष्ट त्यांना छळते. नंतर पोलिसांनी हंबीररावांच्या घराची झडती घेतली, तेव्हा क्षमा पंच होती. तिनं बनुबाईंना सांगितलं, की त्या आतल्या खोलीतच, कपाटावर, गौरीच्या ओटीसाठी आणलेल्या नव्या बांगड्यांचा डबा होता. भरलेला. सगळी मापं. त्यातला एक जोड काढून घातला असता तर माप चुकलं नसतं, कुणाला काही कळलं नसतं. सासूनं हात भर म्हटलं होतं. तुझ्या काढून घाल, असं जबाबात कुठं नाही.

आणि आसपास बाई मेली, की बघायला आपली आईच येते, हे दीपमालाला लहानपणापासून ठाऊक होतं.

बनुबाईंनी तिला एकदाच विचारायचा प्रयत्न केला. दीपमाला चुलीपाशी होती. म्हणाली, "आये, त्यो विषय नगं," आणि तव्यावरची भाकरी उलटत राहिली. तेव्हापासून त्या तिला विचारत नाहीत. मला विचारतात, माझ्या आईला विचारतात, बांधावर एकट्या असल्या की स्वतःशी पुटपुटतात.

"डबा हाताशी व्हता. मग तिनं सोताच्या का काढल्या? भ्यानं दुसरं सुचलं न्हाई म्हणून, का मला वळखू याव्यात म्हणून?"